फ्लॅप जगतो, रुग्ण वाटेत राहतो

अ‍ॅसिडने भाजलेल्या चेहऱ्याची बातमी वर्तमानपत्रात दोनदा येते. एकदा घटना घडते तेव्हा आणि दुसऱ्यांदा न्यायालयाचा निकाल लागतो तेव्हा. मधल्या दोन, तीन, कधी पाच वर्षांत तो चेहरा थोडा थोडा करून पुन्हा उभा केला जात असतो, किंवा उभा करायचा राहून जात असतो, आणि त्याची बातमी होत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीत, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातील एक तरुणी पुण्याहून गावाकडे निघाली होती. बीड जिल्ह्यात येळंबघाट परिसरात सोबतच्या तरुणाने तिच्यावर अ‍ॅसिड टाकले आणि नंतर पेट्रोल ओतून पेटवून दिले, असे पोलिस तपासात पुढे आले. सुमारे बारा तास ती रस्त्याकडेला खड्ड्यात पडून होती. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. शिक्षा, कायदा, अ‍ॅसिडची उघड विक्री यांवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. पण अशा हल्ल्यातून किंवा अपघातातून जी माणसे वाचतात त्यांचे पुढे काय होते, याची चर्चा मराठवाड्यात फारशी होत नाही. माझे म्हणणे असे आहे की रसायनाने भाजलेला चेहरा पुन्हा घडवण्याची विद्या महाराष्ट्राकडे आहे, आणि ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. ही शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने होते आणि दर टप्प्याला रुग्णाला परत यावे लागते. ज्याला परत येणे परवडते त्याचाच चेहरा पुरा होतो. नांदेड-लातूरच्या रुग्णाच्या बाबतीत सगळे अडते ते इथे.

आधी जखम समजून घेऊ. आग विझली की भाजणे थोड्या वेळात थांबते. रसायनाचे तसे नाही, ते कातडीवर आहे तोवर आपले काम करत राहते. सल्फ्युरिक किंवा नायट्रिक अ‍ॅसिड कातडीतली प्रथिने गोठवते, त्यामुळे वर कडक खपली धरते आणि ती खपलीच काही प्रमाणात अ‍ॅसिडला खाली उतरू देत नाही. कॉस्टिक सोडा किंवा चुना यांसारखे अल्क मात्र चरबी आणि प्रथिने विरघळवत खोल जाते, आणि बाहेरून जखम किरकोळ दिसत असतानाही आत पसरत राहते. ही रसायने कुठल्या कारखान्यात कुलूपबंद असतात असे नाही. सोनाराच्या पेढीत नायट्रिक अ‍ॅसिड असते, गाडीच्या बॅटरीत सल्फ्युरिक असते, संडास धुण्याची बाटली घरोघरी असते. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना जाणे, हा तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातला अपघात आहे. या सगळ्यांवर पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय एकच: भरपूर साधे पाणी, लगेच आणि किमान अर्धा तास, डोळ्यात अल्क गेले असेल तर त्याहून जास्त वेळ. कपडे आणि दागिने काढायचे, डोके एका बाजूला कलते धरायचे म्हणजे धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात उतरत नाही. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काही लावायचे नाही. अ‍ॅसिडवर सोडा टाकून ते मारण्याचा प्रयत्नही करायचा नाही, कारण त्या प्रक्रियेत उष्णता निर्माण होते. मिनिटाला दहा लिटर सोडणारा नळ अर्धा तास चालू ठेवला तर तीनशे लिटर पाणी लागते. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा उपाय सांगताना पाण्याचाही विचार करावा लागतो. पिंप असेल, हौद असेल, शेतातली मोटर असेल, जे पाणी हाताशी असेल ते वापरायचे. या अर्ध्या तासात जेवढी कातडी वाचते तेवढी पुढे कोणताही सर्जन परत देऊ शकत नाही.

पाणी उशिरा मिळाले आणि कातडी पूर्ण जाडीने जळली की पुढचा धोका सुरू होतो तो आकसण्याचा. शरीर जखम भरून काढते ती कडा एकमेकींकडे ओढून. पाठीवर हे फारसे बिघडवत नाही. चेहऱ्यावर मात्र डोळा, नाक, ओठ ही सगळी मोकळ्या कडांची ठिकाणे आहेत. खालची पापणी गालाकडे ओढली जाते आणि आतून बाहेर उलटते, डोळा झोपेतही मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो. अ‍ॅसिडने ज्या डोळ्याला स्पर्शही केला नव्हता तो डोळासुद्धा या कारणाने जाऊ शकतो. तोंडाचे कोपरे आवळत जातात, घास जात नाही, दात घासता येत नाहीत, भूल देताना नळी घालणे अवघड होते. हनुवटी मानेला आणि मान छातीला चिकटत जाते. म्हणून पापणीचे काम सौंदर्याचे म्हणून मागे ठेवता येत नाही. ते पहिल्या काही आठवड्यांतच करावे लागते, आणि तिथे बहुधा फ्लॅप लागत नाही. कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची पातळ कातडी काढून पापणीवर लावतात, ती पुरते. अशा लावलेल्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरेपर्यंत ती पाझरलेल्या द्रवावर तग धरते. खाली रक्त असलेली निरोगी जमीन असेल तर ती जगते. खाली उघडे हाड किंवा नाकाचा कूर्चा असेल, किंवा जुन्या व्रणाचा कोरडा थर असेल, तर ती मरते. जगली तरी पातळ असल्यामुळे पुन्हा आकसते. अशा ठिकाणी फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे कातडी, तिच्याखालची चरबी आणि त्यांना पोसणारी रक्तवाहिनी यांसकट उचललेला तुकडा. रोप नुसते उपटून लावण्याऐवजी मातीच्या गड्ड्यासकट दुसरीकडे नेऊन लावावे, तसे. स्वतःचे रक्त घेऊन आल्यामुळे तो उघड्या हाडावरही जगतो, फारसा आकसत नाही, आणि मान किंवा ओठ यांसारख्या हलत्या जागी मऊ राहतो.

कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या विद्येचा आधुनिक जगाला जो पहिला तपशीलवार पुरावा मिळाला तो पुण्याजवळचा आहे. कावसजी नावाचा मराठा गडी इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तीत सांगितलेली पद्धत आजही वाचताना थक्क करते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्याभोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. त्या पट्टीवर पिळा देऊन कातडी खाली वळवायची आणि खुंटाच्या कडेत कापलेल्या खाचेत बसवायची. टाके घालायचे नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नव्या जागेतून रक्त सुरू झाले की, भुवयांमधली पट्टी कापून टाकायची. त्या पट्टीत जी लहान रक्तवाहिनी जाते तिचे नाव आणि नेमका मार्ग आज शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे; त्या कारागिराला तो बोटांना ठाऊक होता. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने ही हकिकत वाचून १८१४ मध्ये तसे नाक करून पाहिले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या फ्लॅपने नाक करण्याची पद्धत आजही जगभर वापरली जाते. पट्टी कापण्याचा दिवस पंचविसावरून एकविसाच्या आसपास आला.

पुढच्या दोन शतकांत भर पडली ती कातडी किती दुरून आणता येते यात. पहिल्या महायुद्धात सर्जन हॅरॉल्ड गिलिज यांनी फ्लॅपची नळी शिवून ती छातीवरून चेहऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालवत नेली. १९६५ मध्ये बाकाम्जियन यांनी छातीच्या वरच्या भागातला असा फ्लॅप दाखवला जो एका झेपेत गळ्यापर्यंत आणि गालापर्यंत पोहोचतो. १९७३ पासून मायक्रोसर्जरी आली. मांडीची किंवा हाताची कातडी रक्तवाहिनीसकट पूर्ण तोडून घ्यायची आणि गळ्यातल्या एक ते तीन मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीला, केसाहून बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. चांगल्या केंद्रांत असे शंभरातले पंच्याण्णवहून अधिक फ्लॅप जगतात. त्यासाठी पहिले दोन-तीन दिवस दर तासाला कोणालातरी त्याचा रंग, ऊब, आणि टाचणी टोचल्यावर येणारा रक्ताचा थेंब पाहावा लागतो. रंग जांभळा झाला तर रात्री दोन वाजता थिएटर उघडावे लागते, कारण अडकलेली गुठळी काही तासांत काढली नाही तर सगळा तुकडा जातो. जवळून वळवलेला फ्लॅप आणि मायक्रोसर्जरी यांच्या मधली एक पद्धत चेहऱ्याला फार उपयोगी पडते. मानेच्या किंवा कपाळाच्या चांगल्या कातडीखाली सिलिकोनची रिकामी पिशवी ठेवतात आणि दर आठवड्याला सुईने तीत थोडे सलाईन भरतात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी ताणून वाढते, मग पिशवी काढून ती वाढलेली कातडी गालावर ओढून घेतात. रंग आणि पोत चेहऱ्याचाच, कारण ती शेजारचीच कातडी असते. तंत्र सोपे आहे. अट एवढीच की रुग्णाने दर आठवड्याला यायचे, आणि पिशवी सुजली, लाल झाली, तर त्याच दिवशी यायचे.

इतिहासात ज्यांचे चेहरे असे टप्प्याटप्प्याने घडले ती माणसे कोण होती हे पाहण्यासारखे आहे. कावसजी ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर होता. त्या हकिकतीतच तशी नोंद आहे. गिलिज यांच्या सिडकप इथल्या रुग्णालयात पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे सरासरीने माणशी दोन, आणि पुष्कळांच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त. ते सैनिक महिनोन् महिने तिथेच राहत, कारण सरकार त्यांना ठेवून घेत होते, खाऊ घालत होते. टप्प्याटप्प्याची शस्त्रक्रिया ही मुळात अशा माणसासाठी घडली की ज्याचे पोट दोन टप्प्यांच्या मध्ये कोणीतरी सांभाळत होते. सर्जरीच्या पुस्तकांत हे लिहिलेले नसते, पण ते गृहीत धरलेले असते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या किंवा लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या रुग्णाबाबत ते गृहीत धरता येत नाही. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. पिशवीत दर आठवड्याला सलाईन भरण्याचे तीन महिने या हंगामात बसत नाहीत. मुंबई नांदेडपासून जवळपास सहाशे किलोमीटर, हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. लातूरहून पुणे सव्वातीनशेच्या पुढे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर जायचे, ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे, पाच मिनिटांत कोणीतरी जखम पाहून ‘महिन्याने या’ म्हणते, आणि पुन्हा रात्रभराचा प्रवास. सोबत एक माणूस लागतोच, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. त्यात चेहरा असा, की डब्यातली माणसे पाहतात आणि मुले विचारतात. पहिली शस्त्रक्रिया झालेले पुष्कळजण तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पोहोचत नाहीत ते या रस्त्यामुळे. रुग्णालयाच्या वहीत फ्लॅप जगला अशी नोंद राहते. ती खरीही असते.

फ्लॅप जगल्यानंतरची दीड वर्षे तर पूर्णपणे घराजवळची आहेत. व्रण पिकायला बारा ते अठरा महिने लागतात आणि तेवढा काळ तो जाड होण्याचा, ओढण्याचा प्रयत्न करतच असतो. त्याला आवर घालण्याची साधने साधी आहेत: दिवसातून अनेकदा तेलाने दाबून चोळणे, सिलिकोनची पट्टी, मानेला आधाराचा पट्टा, तोंड उघडण्याचा व्यायाम, आणि मापाने शिवलेला घट्ट मास्क, जो दिवसाचे जवळजवळ तेवीस तास घालायचा असतो. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा पत्र्याच्या घरात असा मास्क घालून बसणे म्हणजे काय, हे मास्क लिहून देणाऱ्याने एकदा तरी मनाशी आणावे. घामाने खाज सुटते, पुरळ येते, मास्क खुंटीला लटकतो आणि दोन महिन्यांत व्रण दोरीसारखा उभा राहतो. इथे लागतो तो जवळचा फिजिओथेरपिस्ट, जो मास्क सैल करून देईल, दोन जोड देईल, उन्हाच्या वेळेला सवलत देऊन रात्रीचे तास वाढवून देईल. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते, तालुक्यालाही होऊ शकते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येईल, आणि तो वजनदार आहे. जिथे रोज फ्लॅप होतात तिथले निकाल चांगले असतात. वर्षाला चार केसेस करणाऱ्या जिल्ह्याच्या रुग्णालयात असा नाजूक प्रयोग करणे म्हणजे रुग्णावर अन्याय. मला हे मान्य आहे. मोठ्या टक्केवारीने भाजलेला रुग्ण ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणीच गेला पाहिजे. मृत्यूनंतर दान केलेली कातडी साठवणारी त्वचापेढी, जी देशात प्रथम मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली सुरू झाली, तीही प्रत्येक जिल्ह्यात काढता येणार नाही. मायक्रोसर्जरी मोठ्या केंद्रातच व्हावी. पण एका चेहऱ्याच्या आठ-दहा भेटींतून मोठ्या केंद्राशिवाय न होणाऱ्या भेटी वेगळ्या काढल्या तर त्या दोन-तीनच निघतात. पापणी सोडवणे, पिशवीत सलाईन भरणे, टाके काढणे, फ्लॅपची चरबी पातळ करणे, व्रणात नागमोडी छेद देऊन ताण मोडणे, व्यायाम, मास्क, हे बाकीचे सगळे प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट असलेल्या कोणत्याही शासकीय महाविद्यालयात करता येण्याजोगे आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची संस्था आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय तर त्या दोहोंहूनही जुने. मुंबईचा सर्जन आणि इथला सर्जन यांनी एकच कागद वापरला, फोटो पाठवले, कोणता टप्पा कुठे हे आधी ठरवले, तर रुग्णाचा सहाशे किलोमीटरचा फेरा दहाऐवजी तीनदा होईल. ही कल्पना नवी नाही. गिलिज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला, कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडी बोटे दुरुस्त केली, आणि मग सत्तरच्या दशकात रायगडच्या मांडव्याला जाऊन गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. कुष्ठरोग वेळेवर गावातच ओळखला गेला तर नाक बसतच नाही, हे शेकडो नाके उभारणाऱ्या माणसाला कळले होते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. देशात अ‍ॅसिड हल्ल्यांची नोंद वर्षाला साधारण दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान होते. नांदेड-लातूरच्या वाट्याला त्यातले किती येणार? त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था कशाला? शिवाय ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या त्याच शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळे होती, आणि औषधे व मनुष्यबळ यांवर राज्यभर प्रश्न उभे राहिले. जिथे नवजात बाळाची हमी नाही तिथे चेहऱ्याच्या दुरुस्तीची भाषा करावी का, असे कोणी विचारले तर मला त्यात गैर काही वाटत नाही. परिचारिका, औषधे, अतिदक्षता विभाग हे आधीच व्हायला हवे, आणि त्यांचा पैसा तोडून दुसरे काही करू नये. पण फ्लॅपची विद्या अ‍ॅसिडच्या जखमेपुरती नाही. चुलीवर आणि स्टोव्हवर भाजलेल्या बायका, उकळत्या पाण्याने भाजलेली मुले, मोटारसायकलच्या अपघातात फुटलेला चेहरा, साखर कारखान्यात यंत्रात गेलेला हात, मधुमेहाने उघडे पडलेले पायाचे हाड या सगळ्यांना तीच विद्या लागते. आणि गुटखा-तंबाखूने झालेला तोंडाचा कर्करोग काढल्यावर जो गाल रिकामा होतो, तो छातीच्या किंवा कपाळाच्या फ्लॅपनेच भरतात. मराठवाड्यात हे रुग्ण किती आहेत हे कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एक सकाळ बसले तरी दिसते. लातूरने याचे उत्तर एका बाजूने दिलेलेही आहे. तिथले प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या हजारो शस्त्रक्रिया मोफत केल्या. दुभंगलेला ओठ हीसुद्धा टप्प्याटप्प्याचीच गोष्ट आहे: आधी ओठ, मग टाळू, मग बोलण्याचा सराव, मग नाक. मराठवाड्यातले आईबाप लेकरू घेऊन पुन्हा पुन्हा येत नाहीत हा समज तिथे टिकला नाही. जवळ सोय असली आणि पैसा मागितला नाही तर ते येतात.

तिसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे आणि तो रुग्णांच्या बाजूने येतो. इतके सोसून चेहरा पूर्वीसारखा होतो का? होत नाही. मांडीची कातडी गालावर वेगळ्या रंगाचीच दिसते. फ्लॅप जाड असतो, त्यात हसण्याच्या रेषा उमटत नाहीत, पुरुषाच्या छातीवरून आणला तर त्यावर केस येतात. म्हणून अनुभवी सर्जन पुष्कळदा मोठ्या फ्लॅपपेक्षा गाल, कपाळ, वरचा ओठ असे भाग पाडून प्रत्येक भागाला एकसंध पातळ कातडी लावणे पसंत करतात, म्हणजे जोड नैसर्गिक घडीत लपतो. कुठे फ्लॅप आणि कुठे पातळ कातडी यावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि राहतील. फसवणूक होते ती आधी-नंतरचे दोन फोटो दाखवून आशा लावली जाते तेव्हा. शस्त्रक्रियेने काय मिळते ते साध्या शब्दांत सांगता येते: डोळा मिटतो, घास जातो, मान वळते, नाकाने श्वास घेता येतो, चष्मा टेकवायला नाक मिळते, भर गर्दीत पाहणाऱ्याची नजर पहिल्याइतकी अडकत नाही. हे मिळाल्यावर पुढची शस्त्रक्रिया नको असे कोणी म्हणाले, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. नातेवाइकांना, विशेषतः लग्नाची घाई असलेल्यांना, आणखी एक ऑपरेशन हवे असते. तिला कदाचित नोकरी हवी असते. पण आज मराठवाड्यातली रुग्ण ज्या टप्प्यावर थांबते तिथे ती बहुधा स्वतःच्या इच्छेने थांबलेली नसते. बसचे भाडे संपले म्हणून तिचे उपचार थांबतात आणि ‘तिला आता करायचेच नाही’ असे आपण म्हणतो.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. कागदावर व्यवस्था बरीच आहे आणि ती माहीत असावी. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने अ‍ॅसिड हल्ला हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा रुग्णावर तात्काळ मोफत उपचार करावेत असे कायदा सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये खासगी रुग्णालयांना हे पुन्हा बजावले, त्यात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही धरल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांचा एकवीस प्रकारांत समावेश झाला. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली आणि भाजलेल्यांचे उपचार तीत येतात. तरीही दोन जागा उघड्या राहतात. मनोधैर्य योजना गुन्ह्यातील पीडितेसाठी आहे. बॅटरी फुटून किंवा संडास धुण्याच्या बाटलीने भाजलेल्याला ती लागू नाही, त्याची पापणी मात्र तितकीच उलटते. आणि आरोग्य योजनेचे पॅकेज मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेले आहे. दोन टप्प्यांच्या मधले आठवडे, मास्कचा दुसरा जोड, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी ही त्याच्या कक्षेत नीट बसत नाहीत.

क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा पोषणासाठी पैसे थेट खात्यात देण्याची रीत २०१८ पासून आपल्याकडे आहे. औषधे मध्येच सुटू नयेत हे तिचे प्रयोजन. चेहरा भाजलेल्या रुग्णाला, मग तो हल्ला असो की अपघात, प्रत्येक ठरल्या भेटीला प्रवासभाडे आणि दोन दिवसांची मजुरी याच रीतीने देता येईल, आणि रुग्णसंख्या इतकी थोडी आहे की राज्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधावा लागेल. दुसरी गोष्ट, नांदेड आणि लातूर या दोन्ही महाविद्यालयांत आठवड्यातला एक ठरलेला वार फक्त भाजलेल्यांच्या पुढच्या तपासणीचा असावा. त्या दिवशी एकाच खोलीत प्लास्टिक सर्जन, डोळ्यांचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस बसावा, म्हणजे एका मजुरीच्या मोबदल्यात पाच कामे होतील. शस्त्रक्रियांच्या तारखा लावताना ऊसतोडीचा हंगाम पाहावा. पिशवी भरण्याचे तीन महिने मे ते जुलैमध्ये बसवता येतात. गावातल्या आशा ताईकडे रुग्णाच्या पुढच्या तारखेची नोंद असावी, जशी लसीकरणाची असते, आणि तारीख चुकली तर तिने घरी जाऊन विचारावे. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही.